सी मधून डी मध्ये

निमिषचा आवाज रास तनुराहून येतो,
मागे इंजिनाची घरघर, मध्येच कुणीतरी तमिळमध्ये ओरडतं.
"ताई, कट-पेस्ट करू नकोस. आधी कॉपी.
मग जुन्या फोल्डरचं नाव बदल, पुसू नकोस.
गेम चालला तरच पूस."
सदतीस सेकंदांची व्हॉइस नोट,
त्यातले शेवटचे नऊ सेकंद नुसती घरघर.

सी ड्राइव्ह लाल झालाय.
माझी कॉस्टिंगची लेक्चर्स अर्ध्यावर अडकतात,
सर 'व्हेरिएबल' म्हणतात आणि तोंड उघडं ठेवून थांबतात.
त्याच्या गेमचे बेचाळीस जीबी, मॉडसकट.
तो बोटीवर गेला तेव्हा बॅग भरली अकरा किलोची.

कॉपी लावते.
दोन तास राहिले, म्हणतो.
दोरीवरचे कपडे काढून येते, तर सहा मिनिटं.
कुकर लावते, तर पुन्हा दोन तास.
थेट आमच्या बिल्डरचा माणूस,
दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो
आणि चावी पुढच्या दिवाळीला.

फायलींची नावं भराभर सरकतात.
इंग्रजीच, मी मनात मराठी करत जाते:
दगड चार. दगड चार ओला.
घोड्याचा श्वास, थकलेला.
लाकडी दार, बंद होताना.
म्हणजे कुणीतरी कुठेतरी बसून
ओल्या दगडाला वेगळं नाव दिलंय.
मला वाटायचं, नुसती मारामारी असते.

"काय हलवतेस?" अण्णा विचारतात.
"निमिषचा गेम."
"कुठे?"
"इथेच. ह्याच डब्यात, शेजारी."
"मग हलवला कशाला म्हणायचं," म्हणतात,
आणि पिशवी शोधायला लागतात.
उद्या त्यांना काळाचौकीला जायचंय, तांदूळ आणायला.
प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिटमध्ये आम्हाला अकरा वर्षं झाली,
रेशनकार्ड अजून तिथेच राहतं:
तिसरा मजला, खोली बावीस,
जिथे आता निळा पत्रा आणि वॉचमनचा स्टूल आहे.

झालं कॉपी.
जुन्या फोल्डरला नाव दिलं 'जुनं'.
आयकॉनवर दोन टिचक्या.
सापडत नाही, म्हणतो.
उजवी टिचकी, मग बोट धरून नेते त्याला:
तिथे नाही रे बाबा, इथे. डी.
उघडतो.
पडदाभर धुकं, बासरी,
आणि खाली एकच ओळ: नवा खेळ.
'पुढे चालू' राखाडी पडलेलं.

पोटात खड्डा.
दोनशे चौदा तास खेळलाय तो.
आईने वायर काढून पिठाच्या डब्यात ठेवली होती, तरी.
फोन लावते. लागत नाही.
मेसेजवर एक टिक, दुसरी येतच नाही.

दीड तास शोधते मी.
भात थंड होतो.
सापडतात शेवटी, सी मध्येच, लपवलेल्या एका फोल्डरच्या पोटात.
गेमला वाटत होतं, आपण आपल्याच घरात लिहितोय.
विंडोज इतकी वर्षं गुपचूप
त्याचं लिहिलेलं दुसरीकडे नेऊन ठेवत होतं,
आणि विचारलं की तिथूनच आणून द्यायचं.
भांडण नको म्हणून घरातली बाई करते, तसं.

उचलून डी मध्ये ठेवते.
शेवटच्या सेव्हचं नाव 'निघायच्या आधी'.
लाकडी पुलावर एक माणूस, पाठमोरा.
काही करत नाही.
या पायावरचा भार त्या पायावर घेतो,
मिशा नाहीत तरी मिशीपाशी हात नेतो,
निमिषसारखा.
डब्ल्यू म्हणजे पुढे, एवढंच मला माहीत.
दाबते, हलकंच.
एक पाऊल वाजतं.
ओलं लाकूड, फाईल कुठली कोण जाणे.
कोपऱ्यात छोटं चाक फिरतं:
जतन झालं.

अगं.

"झालं," मी लिहिते. "सगळं होतं तसंच आहे."
एक टिक.

'जुनं' अजून पुसलेलं नाही.
सी लालच आहे.
सर तोंड उघडं ठेवून थांबलेत.